विश्लेषण : स्वस्त फोनमध्ये काटछाट नेमकी कुठे होते?

‘दहा हजारांत चांगला फोन कोणता?’ मंचरच्या मोबाइल दुकानांत हा नेहमीचा प्रश्न आहे. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि तंत्रनिकेतनात प्रवेश घेतलेली मुले तो विचारतात. कांद्याची पट्टी हातात आली की शेतकरीही विचारतात. उत्तरादाखल आकडे पुढे येतात : ५० मेगापिक्सल कॅमेरा, १२० हर्ट्‌झचा स्क्रीन, ८ जीबी रॅम. फोन दोन वर्षांनी कसा चालेल, हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. किंमत कमी ठेवायची तर कंपनीला कुठे ना कुठे हात आखडावाच लागतो. तो कुठे आखडला आणि त्याने आपले काम अडते का, या दोन प्रश्नांवरच स्वस्त फोनची पारख व्हायला हवी.

दहा हजारांतले फोनवर किती खर्च होतात?

मोबाइलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे १० हजारांच्या फोनमधले सुमारे १,५२५ रुपये कराचे. उरलेल्या साधारण ८,४७५ रुपयांत दुकानदार आणि वितरकाचा नफा, जाहिरात, वाहतूक, वॉरंटीचा खर्च आणि कंपनीचा नफा बसवायचा असतो. त्यातून जे उरेल त्यात प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन, बॅटरी आणि कॅमेरे. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्याने हे गणित आणखी घट्ट झाले आहे.

म्हणून ‘सगळेच उत्तम आणि तरी स्वस्त’ हा दावा ऐकला की सावध व्हावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फ्रीडम २५१’ या नावाने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा झाली, नोंदणीला झुंबड उडाली आणि प्रकरण फसवणुकीच्या तक्रारींपर्यंत गेले. फोनच्या सुट्या भागांना एक किमान किंमत असते. तिच्या खाली फोन बनत नाही.

काटछाट केली म्हणजे वस्तू वाईटच का?

नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला उभा आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर तिचे वजन आणि वाऱ्याचा जोर पेलायला प्रचंड सांगाडा लागला असता. खर्च आवाक्याबाहेर गेला असता.

त्यावरचा उपाय होता जाळी. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी ताणलेल्या दोरांवर बसवली. तिची छिद्रे १० ते २० मिलिमीटरची. ही दुर्बीण ज्या लहरी टिपते, त्यांची लांबी साधारण २० सेंटिमीटर आणि त्याहून जास्त. एवढ्या लांब लहरींना ती छिद्रे जाणवतच नाहीत. वारा मात्र आरपार निघून जातो. मिलिमीटर लांबीच्या लहरी टिपायच्या असत्या, तर हीच जाळी निरुपयोगी ठरली असती.

आधी काम ठरले, मग त्या कामाला न लागणारा खर्च गेला. स्वस्त वस्तूची चांगली रचना अशीच होते. फोनलाही हीच कसोटी लावता येते.

फोनमधली चांगली काटछाट कोणती?

मे २०१४ मध्ये भारतात ६,९९९ रुपयांना आलेला ‘मोटो ई’ हे शिकण्यासारखे उदाहरण आहे. त्यात पुढचा कॅमेरा नव्हता, फ्लॅश नव्हता, मागच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकसही नव्हता. त्या बदल्यात १ जीबी रॅम आणि ओरखडे सोसणारी गोरिला ग्लास मिळत होती. फोटो कमी, वापर सुरळीत असा सरळ सौदा होता. पण त्याच फोनमध्ये अंगभूत स्टोरेज अवघे ४ जीबी होते आणि त्यातलाही मोठा वाटा सिस्टीमच खात असे. पहिली काटछाट ग्राहकाला खरेदीच्या दिवशीच दिसत होती. दुसरी काही महिन्यांनी, ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश आल्यावर कळत होती.

आजच्या फोनमध्ये प्लास्टिकची पाठ ही चांगली काटछाट आहे. काच दिसते देखणी, पण पडली की फुटते. आणि कव्हर घातल्यावर तशीही दिसत नाही. साध्या प्रोसेसरच्या जोडीला एचडी प्लस स्क्रीन हीसुद्धा समंजस तडजोड ठरते. फुल एचडी प्लसमध्ये २.२५ पट जास्त पिक्सेल असतात. ते रंगवताना कमकुवत प्रोसेसर दमतो आणि बॅटरीही जास्त खर्च होते.

मग वाईट काटछाट कुठे लपते?

पहिली जागा स्टोरेज. खोक्यावर ‘१२८ जीबी’ लिहिलेले असते. ते कोणत्या प्रकारचे, हे बहुधा नसते. जुन्या पद्धतीचे ईएमएमसी स्टोरेज सेकंदाला साधारण ३०० एमबी वाचते, तर यूएफएस २.२ सुमारे १,००० एमबी. नव्या फोनमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. वर्षभराने अॅप फुगतात, व्हॉट्सअॅपचे फोटो साठतात आणि फोन हँग व्हायला लागतो. लोक रॅमला दोष देतात. बऱ्याचदा खरी अडचण स्टोरेजच्या वेगाची असते.

दुसरी जागा ‘व्हर्च्युअल रॅम’. ‘८ जीबी रॅम’ अशी पाटी असते आणि बारीक अक्षरात ४ अधिक ४ लिहिलेले असते. यातली दुसरी ४ जीबी म्हणजे त्याच संथ स्टोरेजचा उसना तुकडा. खऱ्या रॅमची सर त्याला येत नाही.

तिसरी जागा कॅमेऱ्याचे गोल. मागे तीन भिंगे दिसतात. त्यांतली एक-दोन २ मेगापिक्सलची असतात आणि रोजच्या फोटोत त्यांचा उपयोग नगण्य असतो. काही फोनमध्ये तर एखादा गोल निव्वळ शोभेचा असतो. ही काटछाट नव्हे, उधळपट्टी आहे. महागड्या फोनसारखे दिसण्यासाठी केलेला खर्च मेमरीतून किंवा बॅटरीतून वसूल होतो.

चौथी जागा अपडेट. फोनला किती वर्षे अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार, हे या किंमतपट्ट्यातल्या अनेक जाहिरातींत सापडत नाही. ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेचे अॅप चालते, त्यासाठी हा तपशील कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

शेतकऱ्याने काय पाहावे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद सातबाऱ्यावर यावी यासाठी शेतात उभे राहून, जीपीएस चालू ठेवून, अॅपमधून फोटो काढावा लागतो. नोंद राहिली की पुढे पीक विमा आणि नुकसानभरपाईच्या कामात अडचण येऊ शकते. या कामाला १०८ मेगापिक्सल लागत नाहीत. लागतात तीन गोष्टी : उन्हात दिसणारा स्क्रीन, ठिकाण लवकर आणि बिनचूक पकडणारे जीपीएस, आणि अॅप उघडताना न अडखळणारा फोन.

स्क्रीनचा उजेड ‘निट्स’मध्ये मोजतात. जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा बहुधा पडद्याच्या लहानशा भागापुरता, क्षणभराचा असतो. त्यापेक्षा सोपी परीक्षा म्हणजे फोन घेऊन दुकानाबाहेर भर उन्हात उभे राहणे आणि एखादा लांब मेसेज वाचून पाहणे. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच स्क्रीन चांगले दिसतात.

या पट्ट्यात रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जावे लागते आणि बिबट्याची धास्ती कायम असते. तेव्हा टॉर्च, मोठा आवाज आणि दिवस-रात्र टिकणारी बॅटरी या चैनीच्या गोष्टी राहत नाहीत. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० मध्ये टॉर्च होता, धूळ न शिरणारा कीपॅड होता आणि हातातून न निसटणाऱ्या कडा होत्या. वापरणारा कुठे उभा असतो, याचा विचार करून केलेली ती रचना होती. आज धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे आयपी मानांकन तेच काम करते. फक्त तुषारांपासून बचाव आणि पाण्यात बुडाल्यावर बचाव यांतला फरक दुकानदाराकडून समजून घ्यावा.

विद्यार्थ्याचा हिशेब वेगळा का?

कारण त्याला फोन चार वर्षे पुरवायचा असतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी घेतलेला फोन शेवटच्या वर्षी ऑनलाइन मुलाखतीलाही चालला पाहिजे. लॅपटॉप येईपर्यंत अनेकांसाठी फोन हाच संगणक असतो. नोट्सच्या पीडीएफ आणि सर्किटच्या बारीक आकृत्या वाचायच्या असल्याने इथे फुल एचडी प्लस स्क्रीनला महत्त्व येते. शेतकऱ्यासाठी समंजस असलेली तडजोड विद्यार्थ्यासाठी चुकीची ठरू शकते, ती अशी.

किंमत वर्षांनी भागून पाहावी. ९ हजारांचा फोन दोन वर्षांत कंटाळा आणू लागला, तर वर्षाला ४,५०० रुपये पडले. १३ हजारांचा चार वर्षे चालला, तर ३,२५०. महाग वाटणारा फोन स्वस्त पडतो तो असा. यावर ‘हातात ९ हजारच आहेत, त्याने काय करायचे?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याने कॅमेरा आणि दिखाव्याचा आग्रह सोडावा आणि वेगवान स्टोरेज, खरी ६ जीबी रॅम आणि अपडेटचे लेखी आश्वासन यांपैकी जेवढे मिळेल तेवढे पदरात पाडावे. मेमरी कार्डाची सोय असेल तर कार्डासाठी दुसरे सिम काढावे लागते का, तेही बघावे.

‘५जी’ लिहिले म्हणजे रेंज मिळते का?

देशात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा फक्त जिओने घेतला. कमी वारंवारतेच्या लहरी दूर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. वस्ती विरळ असलेल्या गावासाठी हा पट्टा म्हणूनच मोलाचा. फोनच्या माहितीत तो ‘एन२८’ या नावाने येतो, तर शहरांत वेग देणारा ३,३०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा ‘एन७८’ या नावाने. आपल्या कंपनीचे पट्टे फोनच्या यादीत आहेत ना, एवढे तपासले तरी पुरे.

घरी आणि शेतात ५जी पोहोचतच नसेल, तर त्याच पैशात जास्त मेमरीचा ४जी फोनही विचारात घ्यायला हरकत नाही. निवडक प्लॅनवर मिळणारा अमर्याद ५जी डेटा ज्यांना खरोखर वापरता येईल, त्यांचे गणित वेगळे.

बिघडल्यावर काय?

लिथियम बॅटरी झिजणारच. काहीशे वेळा चार्ज झाल्यावर तिची क्षमता उतरू लागते आणि उष्णतेने ती आणखी लवकर उतरते. म्हणून खरेदीच्या दिवशीच दोन दर विचारून घ्यावेत : मूळ बॅटरी बदलायला किती आणि स्क्रीन बदलायला किती. वक्र कडांचा देखणा स्क्रीन इथे महागात पडतो. अधिकृत सर्व्हिस सेंटर मंचरला आहे, नारायणगावला आहे की थेट पुण्याला, हेही विचारावे. पुण्याला दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी.

ही सगळी तपासणी ग्राहकानेच का करायची?

खरा आक्षेप हाच आहे. स्टोरेजचा प्रकार, खरी रॅम, अपडेटची वर्षे आणि सुट्या भागांचा दर कंपनीला माहीत असतो. ग्राहकाला तो उकरून काढावा लागतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला. मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे सिस्टीम अपडेट, सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग आणि ८०० चार्जनंतरही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी तिथे बंधनकारक आहे. दुरुस्ती किती सोपी, याची श्रेणीही लेबलवर छापावी लागते.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. मोबाइलसाठी दुरुस्ती निर्देशांकाची चौकट सुचवणारा समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये विभागाकडे आला. दिशा योग्य आहे, पण पोर्टलवरची माहिती दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेस पडत नाही. ती खोक्यावर हवी, मराठीतही हवी आणि मेगापिक्सलच्या आकड्याएवढ्याच ठळक अक्षरांत हवी. फ्रिजवर वीजबचतीचे तारे सक्तीने छापता येतात, तर फोनवर ‘सुरक्षा अपडेट अमुक वर्षापर्यंत’ एवढी ओळ छापणे अवघड नाही.

असे झाले तर कंपन्याही मेगापिक्सलऐवजी टिकाऊपणावर स्पर्धा करू लागतील. तोवर दुकानदाराला पहिला प्रश्न ‘यात काय काय आहे?’ असा न विचारता ‘एवढ्या किमतीत बसवायला यातून काय काढले?’ असा विचारावा. ज्याला याचे सरळ उत्तर देता येते, त्याच्याकडून फोन घ्यायला हरकत नाही.