किट वाटून झालं, आता नाव कोण लावणार?

रमजान लागला की आमच्याकडे पिशव्या भरायला सुरुवात होते. मीही चार वर्षं भरल्या. पाच किलो गव्हाचं पीठ, तूरडाळ, तेल, साखर, खजूर. पिशवीवर देणाऱ्यांची नावं छापलेली. घेणाऱ्याला बॅनरपुढे उभं करायचं, फोटो काढायचा, तासाभरात ग्रुपवर टाकायचा. मालवणच्या किनाऱ्यावर गरीब माणूस सकाळी उकड्या तांदळाची पेज पितो, पोळी नव्हे. हे पीठ ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

गेल्या जूनमध्ये, मासेमारी बंद असताना, पुन्हा वाटप केलं. या वेळी सगळ्या समाजांत. रांगेत एक गाबीत काकी होती. जन्मभर मासळी विकलेली, घरात एकटी. फोटो झाल्यावर म्हणाली, "फोटो काढलंस, बरां केलंस. पण माका रेशन मेळना नाय, तां कोण बघतलो?"

कार्ड आहे, यादीत नाव आहे. पण यंत्रावर अंगठा उमटत नाही. "आंगठो मिठान खाल्लो," म्हणाली आणि हात पुढे केला. मीठ, बर्फ, खवलं. रेषा उरल्याच नव्हत्या. घरात दुसरा अंगठा नाही. चार महिने रिकामी पिशवी घेऊन परत येत होती.

आता हिशेब करा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो धान्य द्यायचं आहे, जानेवारी 2023 पासून तेही फुकट. म्हणजे काकीचे वर्षाला 60 किलो. आमची पिशवी दोनदा मिळाली तरी 10 किलो पीठ. आणि फोटो मात्र आमचा!

धान्य दिलं नाही तर भत्ता द्यावा लागतो, हे त्याच कायद्याच्या कलम 8 मध्ये आहे. बोट जुळलं नाही म्हणून धान्य नाकारू नका, अशी सूचना केंद्राने ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना दिली होती. आमच्या कमिटीत शिकलेली माणसं आहेत, दोन निवृत्त शिक्षक आहेत. यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. बॅनर छापणारा स्वस्तात कुठे मिळतो ते ठाऊक होतं. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत चार वर्षांत आमच्यातला एकही जण गेला नव्हता.

लोक विचारतात, मग वाटणं बंद करायचं का? नाही. ज्याची चूल आज पेटली नाही त्याला आजच द्या, रात्री द्या, कुणाला न कळता द्या. जकात हा घेणाऱ्याचा हक्क आहे, असं आपण दर वर्षी बयानात ऐकतो आणि बाहेर येऊन हक्कदाराला कॅमेऱ्यासमोर उभा करतो. सरकारवर टीका करताना आपली जीभ तेज असते, पण उपकाराची हौस आपल्याला सरकारपेक्षा कमी नाही. हक्क मागायला गेलं की साहेबाशी वाईटपणा येतो. पिशवी दिली की दुवा मिळते. खरी अडचण ही आहे.

मी कमिटीतून बाहेर पडलेलो नाही. फक्त बॅनरचे पैसे देणार नाही, असं कळवलं आहे. काकीचा अर्ज लिहून पुरवठा शाखेत दिला, शिक्का मारलेली पोच घेतली. येत्या सोमवारी पुन्हा जायचं आहे. मोटरसायकलवर एकाची जागा आहे.