दवाखान्याचे वळण

आमच्या कर्जत-खालापुराकडे आषाढात लावणी सुरू झाली, की सर्पदंशाचे रोगीही येऊ लागतात. रात्री-अपरात्री वाडीवरून झोळीतून माणूस खाली आणतात. जवळच्या सरकारी रुग्णालयात त्याला प्रतिविष देतात, आणि श्वास अडखळू लागला तर उल्हासनगर, पनवेल अथवा थेट मुंबई गाठावी लागते. दंश केव्हा झाला, कुप्या किती गेल्या, हा सारा वृत्तांत एका चिठ्ठीवर प्रवास करतो. ती घाईत अर्धीच लिहिली गेली, तर पुढच्या डॉक्टरांनी काय समजावे? अशा वेळी एखाद्या परिचारिकेस दोष देऊन आपण मोकळे होतो. परंतु पुष्कळदा उणेपणा एका व्यक्तीचा नसून त्या ठिकाणच्या वळणाचा असतो.

घराला वळण असते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. लोणच्याची बरणी फुटली असता धाकटी सून आपण होऊन सांगते, की तुकडे गुपचूप परसात पुरते, यावरून घराची पारख होते. रुग्णालयाचेही तेच.

हे वळण मोजता येते काय? १९८६ मधील चेर्नोबिलच्या अपघातानंतर ‘सुरक्षिततेची संस्कृती’ हा शब्द रूढ झाला. पुढे १९९९ साली अमेरिकेतील एका अहवालाने, तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाकाठी ४४,००० ते ९८,००० रोगी दगावत असावेत, असा अंदाज मांडला. त्यानंतर २००४ साली तेथील एका सरकारी संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी ४२ विधानांची प्रश्नावली काढली. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत विधाने ३२ आहेत. पाळी बदलताना महत्त्वाची माहिती गळते काय? काही विपरीत दिसल्यास विचारण्याचा धीर होतो काय? झालेली चूक माणसाच्या नावावर कायमची चिकटते काय? अशा गोष्टींशी आपण किती सहमत आहो, हे पाच पायऱ्यांवर नोंदवावयाचे. अनुकूल उत्तरे शेकडा ७५ वा अधिक असली तर ती बाजू बळकट, ५० वा कमी असली तर दुबळी, असा हिशेब.

आम्हांस मात्र त्यातील एक साधाच प्रश्न सर्वांत बोलका वाटतो: गेल्या बारा महिन्यांत तुम्ही किती चुका कळविल्या? अमेरिकेतील एकत्रित पाहण्यांतही निम्म्याहून अधिक लोक ‘एकही नाही’ असेच लिहीत आले आहेत. चूक झाली नाही म्हणून शून्य, की सांगितली नाही म्हणून शून्य, हे त्या आकड्यावरून कळावे कसे?

आमची एक भाची परिचारिका आहे. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिच्याकडेही अशीच प्रश्नावली आली होती. त्याच वर्षी दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्यांत तिची गफलत झाली होती. सुई टोचण्यापूर्वी लेबल पुन्हा वाचले म्हणून रोगी वाचला. तरी तिने लिहिले, ‘एकही नाही.’ आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, “मामा, कागदावर नाव नव्हते हे खरे, पण विभाग, पद आणि नोकरीची वर्षे विचारली होती. आमच्या विभागात बारा वर्षे झालेली मी एकटीच.”

मुंबईच्या हजार माणसांच्या रुग्णालयात ही युक्ती चालत असेल. तालुक्याच्या गावी, जेथे औषधे देणारा एकच आणि रात्रपाळीची सिस्टर कोण हे स्टेशनावरच्या रिक्षावाल्यासही ठाऊक, तेथे निनावी कागद नावाचाच निनावी. तेथे पद आणि वर्षे हे रकाने वगळावेत, कागद बाहेरच्या माणसाने गोळा करावेत, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींसही तो वाचून दाखवावा, असे आम्हांस वाटते. कारण मध्यरात्री खाटेजवळ पुष्कळदा त्याच असतात. केंद्र सरकारने २०१८ साली रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा काढला, ही गोष्ट स्तुत्यच. परंतु आराखड्याने जीभ सुटत नाही.

भाचीने पुढे काय केले, तेही तिने सांगितले. दुसऱ्याच दिवशी तिने त्या दोन कुप्या निरनिराळ्या कप्प्यांत ठेवल्या, कोणास न विचारता. त्या आजही तशाच आहेत. नव्याने आलेल्या मुली मुकाट्याने तोच क्रम पाळतात. का, ते त्यांना कोणी सांगितलेले नाही.