उबदार पौषाचा हिशेब

पौष लागला की रायगडच्या किनारपट्टीवर पूर्वी दोन गोष्टी ठरलेल्या असत. पहाटे अंगणात शेकोटी पेटे आणि रात्री शेताच्या बांधावर पोपटी लागे. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि मातीचे मडके एवढ्या सामग्रीवर होणारा हा सोहळा थंडीवाचून रंगत नाही. अलीकडच्या कित्येक हिवाळ्यांत मात्र असे दिवस वाढू लागले आहेत, की शेकोटीची आठवणही होऊ नये. आकाश निरभ्र, ऊन मऊ, समुद्र शांत, आणि संध्याकाळी अंगावर स्वेटर नको. वरसोलीपासून हरिहरेश्वरापर्यंतचे किनारे माणसांनी फुलून जातात. हवा मोठी छान पडली आहे, असे जो तो म्हणतो. आणि तसे म्हणण्यात खोटे काहीच नसते. परंतु त्याच सुमारास वर्तमानपत्रात पृथ्वीच्या वाढत्या तापमानाची बातमी असते, आणि विचारी माणसाच्या मनात प्रश्न उभा राहतो. ही अवेळी आलेली ऊब सुखाने अंगावर घ्यावी, की तिच्यामागचे संकट ओळखून अस्वस्थ व्हावे?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो, हवामान नेहमीच बदलत आले आहे. आजचा दिवस चांगला आहे ना, मग उगाच काळजी कशाला? दुसरा पक्ष म्हणतो, जग होरपळत असताना उन्हात सुखावणे हेच मुळी असंवेदनशीलपणाचे लक्षण होय. पहिल्या उत्तरात विचार नाही आणि दुसऱ्यात व्यवहार नाही. एका उबदार आठवड्यावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, तसेच एखाद्या कडाक्याच्या रात्रीवरून तो खोटाही ठरत नाही. निष्कर्ष काढायचा तो अनेक वर्षांच्या नोंदींवरून. या नोंदी काय सांगतात हे आता गुलदस्त्यात राहिलेले नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या माहितीनुसार २०२४ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षाचे सरासरी तापमान १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीहून ०.६५ अंशांनी अधिक होते. विशेष म्हणजे दिवसांपेक्षा रात्री अधिक तापल्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मुंबई, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांना उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. ज्या महिन्यात या किनाऱ्यावर पहाटे गारवा असायचा, त्या महिन्यातली ही गोष्ट आहे.

वाढत्या उष्णतेचे स्वागत करणे ही काही केवळ अडाण्यांची रीत नव्हे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित १८९६ मध्ये प्रथम मांडले ते स्वांटे अर्‍हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने. पुढे १९०३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या या थोर माणसाला स्वतःच्या निष्कर्षाची भीती वाटली नाही. उलट, थंड प्रदेशांत हवा सुखद होईल, पिके वाढतील, अशी त्याची अपेक्षा होती. वर्षातले कित्येक महिने बर्फात काढणाऱ्या देशातील माणसाला तसे वाटणे स्वाभाविक म्हटले पाहिजे. परंतु स्वीडनची नफ्यातोट्याची खातेवही कोकणाला लागू पडत नाही. जिथे ऊब दुर्मीळ, तिथे ती धन. जिथे वर्षातले आठ महिने घामाच्या धारा वाहतात, तिथे दुर्मीळ असतो तो गारवा.

थंडीचे मोल

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत हवा आणि सूर्यप्रकाश ही मुक्त वस्तूंची ठरावीक उदाहरणे असत. ज्या वस्तूचा पुरवठा अमर्याद, तिला किंमत नाही, असा तो सिद्धान्त. रायगडच्या शेतकऱ्याला हा धडा आता उलटा शिकावा लागत आहे. इतके दिवस फुकट मिळत होती म्हणून थंडी कोणी हिशेबात धरली नाही. ती मिळेनाशी झाली तेव्हा ती उत्पादनाचे साधन होती हे उमगले.

हापूस आंब्याचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्यानंतर कोरडी हवा आणि रात्रीचा गारवा मिळाला म्हणजे झाडाची पालवी थांबते आणि मोहोर फुटतो. रात्री उबदार राहिल्या तर झाडाला ऋतू बदलल्याची खूणच मिळत नाही. ते मोहोराऐवजी पालवी काढते, किंवा मोहोर महिना-महिना लांबतो. मोहोर उशिरा आला की फळही उशिरा तयार होते आणि ऐन पोसण्याच्या वेळी कडक उन्हात सापडते. मग फळगळ होते, डाग पडतात, साका वाढतो. मध्येच ढग आले तर तुडतुडे आणि भुरी यांना निमंत्रणच. फवारणीचा खर्च वाढतो आणि वाशीच्या बाजारात पेटी उशिरा पोहोचल्याने सुरुवातीचा चढा भाव हातचा जातो. थंडी हवी म्हणजे कितीही चालेल असेही नाही. फळ धरल्यावर थंडी पुन्हा वाढली तर त्याच झाडाला पुनर्मोहोर येतो आणि आधीची कैरी गळते. झाडाला हवी असते ती ठरलेल्या वेळी येणारी, ठरलेली थंडी. हरवू पाहते आहे ती हीच नियमितता.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचीही कथा वेगळी नाही. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेला हा कांदा भातकापणीनंतर कार्ले, खंडाळे, नेहुली परिसरातील शेतांत लावला जातो, हिवाळ्यात वाढतो आणि सुकवून त्याच्या माळा वळल्या जातात. वाल तर जमिनीतील ओलावा आणि रात्रीचे दव यांवर पोसणारे पीक. ढगाळ, उबदार हवेत त्यावर मावा पडतो. पर्यटकाला जी हवा आल्हाददायक वाटते, तीच हवा बांधापलीकडच्या वावरात नुकसान करीत असते. आणि रस्त्याकडेला त्याच पर्यटकाने भाव करून घेतलेल्या कांद्याच्या माळेत ते नुकसान त्याला दिसत नाही.

सुख कोणाचे, झळ कोणाला?

एकच ऊन सर्वांना सारखे लागत नाही, हे ध्यानात घेतल्याखेरीज हा प्रश्न सुटणार नाही. पेण-उरणच्या मिठागरांना कोरडी, तापलेली हवा हवीच असते. बोंबील आणि जवळा वाळत घालणाऱ्या कोळीणबाईला स्वच्छ ऊन म्हणजे रोकड रक्कमच. तिला धास्ती असते ती अवकाळी सरीची. वीटभट्टीवर उघड्यावर झोपणाऱ्या कातकरी कुटुंबाला पौषातली उबदार रात्र ही खरोखरच दिलाशाची. ज्याच्या घरी पांघरूण पुरेसे नाही, त्याला थंडीच्या सौंदर्यावर व्याख्यान देणे हा अप्पलपोटेपणा ठरेल. म्हणून उबदार हवेचा आनंद मानणे हे सरसकट पाप ठरविता येत नाही.

परंतु हेच कातकरी कुटुंब फेब्रुवारी-मार्चच्या दुपारीही त्याच भट्टीवर असते. या दिवसांत कधी कधी पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा पोहोचतात. मग पारा झपाट्याने चढतो. किनारपट्टीवर तापमान ३७ अंशांच्या पुढे आणि सरासरीहून साडेचार अंशांनी अधिक गेले तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. मैदानी प्रदेशात हाच निकष ४० अंशांचा आहे. हा फरक उगाच केलेला नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. याचा दाहक अनुभव याच जिल्ह्याने १६ एप्रिल २०२३ रोजी घेतला. खारघर येथे भर उन्हात, उघड्या मैदानावर झालेल्या समारंभात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. उबेचा नफा आणि तोटा एकाच माणसाच्या खात्यात पडला असता तर तो ज्याचा त्याने ठरविण्याचा प्रश्न राहिला असता. येथे नफा शनिवार-रविवारच्या पाहुण्याचा आणि तोटा बागायतदाराचा, मजुराचा, अशी वाटणी आहे. हा केवळ हवेचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

रायगड केवळ सोसणाराच जिल्हा आहे असेही नाही. थळचे खत, डोळवीचे पोलाद, नागोठण्याची रसायने आणि न्हावा-शेव्याचे बंदर यांनी या जिल्ह्याला रोजगार दिला, तसेच धुराड्यांच्या हिशेबातही त्याचे नाव लिहिले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईच्या मोटारींना उरण-पनवेल आणखी जवळ आले. ही साधने बंद करा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्यांचे बिल कोण भरतो, हे विचारण्याचा अधिकार कांदा पिकवणाऱ्याला आहे.

विस्मरणाचा धोका

मग उबदार दिवसाचे करायचे काय? त्याचा आनंद घ्यावा. अपराधी मनाने समुद्राकडे पाठ फिरवल्याने वातावरणातील कार्बनचा एक कणही कमी होत नाही. आनंदाला हरकत नाही. हरकत आहे ती विस्मरणाला. माणूस सुखाला लवकर सरावतो आणि सरावला की पूर्वीचे विसरतो. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला त्याच्या लहानपणीचा हिवाळा हाच खरा हिवाळा वाटतो. त्याच्या मुलाला याहून उबदार हिवाळा स्वाभाविक वाटेल. अशा रीतीने दर पिढीत थोडी थोडी थंडी चोरीला जाते आणि फिर्याद द्यायला कोणी उरत नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे नोंद. आणि नोंद ठेवण्याची परंपरा तर या किनाऱ्याच्या घरचीच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय निरीक्षणाचे काम अलिबागला आणण्यात आले, आणि १९०४ पासून ते तेथे चालू आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या चुंबकीय बदलांची जर शतकाहून अधिक काळ चिकाटीने नोंद होते, तर गावातला आंबा कधी मोहोरला, दव किती दिवस पडले, पहाटेचे तापमान किती होते, हे प्रत्येक शाळेच्या वहीत का असू नये? एक तापमापक आणि एक नेमस्त विद्यार्थी एवढे त्याला पुरे आहे.

ही केवळ शालेय हौस नव्हे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई ठरते ती बागेतल्या नुकसानीवरून नव्हे, तर महसूल मंडळातील हवामान केंद्रावर नोंदलेल्या आकड्यांवरून. डोंगराच्या एका अंगाला केंद्र आणि दुसऱ्या अंगाला बाग असेल तर बागायतदाराचे दुःख कागदावर उमटतच नाही. केंद्रे वाढवा, ती नीट चालू ठेवा, ही मागणी गावाकडे स्वतःचे आकडे असतील तरच ठामपणे करता येईल. उन्हाच्या दिवसांत शाळांच्या आणि मजुरीच्या वेळा बदलणे, भट्टीवर सावली आणि पाणी पुरविणे सक्तीचे करणे, या गोष्टींना तर नव्या शास्त्राचीही गरज नाही. लागते ती केवळ शासनाची इच्छा आणि लोकांचा आग्रह. हा आग्रह धरण्याचे काम शिक्षकांनी, कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी करायचे आहे, कारण अर्ज लिहिणे आणि आकडे मांडणे हीच त्यांची विद्या आहे.

जुने सावकार म्हणत, की उधारीचा माल गोड लागतो, कारण त्याची किंमत पुढे द्यायची असते. पौषातली ही ऊब तशीच उधारीची आहे. ती घेऊ नये असे नाही. दारात येऊन पडलेला माल परत करण्याची सोयही नाही. परंतु वहीत ती जमा धरायची की नावे टाकायची, एवढे तरी घेणाऱ्याला कळले पाहिजे. नाहीतर वसुली येईल ती त्याच्या दारी न जाता, पोपटीसाठी थंडीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी जाईल.