शिष्यवृत्ती हाताच्या शिक्षणासही हवी

हैदराबादजवळील जीनोम व्हॅलीत लशी तयार होतात, याचा आम्हां हैदराबादकर व्यापाऱ्यांस अभिमान वाटतो. परंतु लस केवळ यंत्राने शुद्ध राहत नाही. पुष्कळ जैव-औषधे उष्णतेने बिघडतात. ती कुपीत भरल्यावर उकळता येत नाहीत. अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून ती निर्जंतुक दालनात भरावी लागतात. तेथे सारा भार माणसाच्या शिस्तीवर असतो.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचल्यावर १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका लस बनविणाऱ्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर व डॉ. हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडण्याचा चिमटा त्या गावीच जमिनीवर पडला होता व नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हाफकिन दोषमुक्त झाले ते १९०७ साली!

आम्ही मूठभर नमुन्यावरून पोत्याची पारख करतो. येथे थोड्या कुप्या तपासून साऱ्यांची शाश्वती मिळत नाही. म्हणून माणसाचीच परीक्षा घेतात: औषधाऐवजी जंतुपोषक द्रव त्याच्याकडून भरवून कुप्या १४ दिवस उबवितात. एक कुपी गढुळली तरी कारण शोधावे लागते.

आपल्या संघाच्या शिष्यवृत्त्या बहुधा पदवीसाठीच जातात. त्यांतील काही भाग या शिक्षणासाठी मुलामुलींना द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे कारागिराचे काम, व्यापाऱ्याच्या मुलाचे नव्हे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमचा नम्र प्रश्न आहे: आपल्या नातवाला टोचायची लस कोणाच्या हातून भरलेली आपणांस चालेल?