राग येतो, द्वेष करावा लागतो

इथे परदेशात वाढणाऱ्या आपल्या मराठी मुलांच्या तोंडी 'आय हेट' हे शब्द दिवसभर असतात. कारल्याची भाजी, गणिताचा गृहपाठ, बसमध्ये त्रास देणारा मुलगा, सगळ्यांना एकच माप. खरं तर इंग्रजीनेही या भावनेच्या परी नीट राखल्या आहेत. 'डिस्पाइज'च्या लॅटिन मुळाचा अर्थ खाली पाहणे. समोरचा आपल्याहून हलका, हे त्यात आलंच. 'लोद'मध्ये किळस आहे. 'अभॉर'च्या मुळाशी अंगावर उठणारा काटा आहे, म्हणून तो गुलामगिरीसारख्या अन्यायाबद्दल शोभतो. 'डिटेस्ट' तर देवाला साक्षी ठेवून दिलेल्या शापापासून आला. हे शब्द मुलांना शाळेत भेटतात, परीक्षेपुरते पाठ होतात आणि घरी पुन्हा 'हेट'च उरतं.

मराठीत ही वाटणी क्रियापदांनी केली आहे. राग येतो, वीट येतो, किळस येते, तिटकारा येतो. हे सगळं आपल्याकडे येतं, आणि जे येतं ते जाऊही शकतं. द्वेष मात्र आपण करतो. तिरस्कार करतो. आकस ठेवतो, डूख धरतो. करणारा, ठेवणारा, धरणारा मी. त्याचा जाब मला द्यावा लागणार. 'तिरस्कार वाटतो' असंही आपण म्हणतो, हे मान्य. पण 'मी राग येतो' असं कुणी म्हणू शकत नाही, आणि 'मला त्याचा डूख आला' असंही नाही. इंग्रजीत मात्र भाजीपासून माणसापर्यंत 'हेट'चा कर्ता 'आय'च.

माझं माहेर वाशीमचं. आमच्याकडे वऱ्हाडीत "मले राग आला" हे लहानथोर सगळे उघड बोलत, त्यात कमीपणा नव्हता. भावाभावांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोलाचाली व्हायची. म्हातारी माणसं म्हणत, "राग आला तं आला, मनात नको ठेवू." राग येण्याला मुभा होती, ठेवण्याला नव्हती. हा फरक मी कोणत्याही पुस्तकातून शिकले नाही.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा सर्वसेन याने चौथ्या शतकात महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य रचलं. विषय कोणता, तर रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने आणलेला पारिजात. काव्य आज पूर्ण मिळत नाही. पण एका राजाला रुसव्यावरून महाकाव्य लिहावंसं वाटलं, याचा मला अभिमान आहे. रुसवा, राग, चीड, तिटकारा, द्वेष या एकेका पायरीचा फरक ज्या भाषेने इतकी शतकं सांभाळला, तिच्या मुलांनी एका 'हेट'वर भागवावं, हे मला मान्य नाही.

कुणी म्हणेल, मुलं तोंडाने बोलतात, मनात तसं काही नसतं. लहानपणी नसतं. पण ज्याच्याकडे शब्द एकच, त्याला चिडलेल्या मित्रात आणि वैऱ्यात फरक करायला फार वेळ लागतो. आणि आज एखाद्या धर्माबद्दल, रंगाबद्दल, देशाबद्दल तोच शब्द सर्रास वापरणारी मोठी माणसं आपण इथेही पाहतो, भारतातही.

म्हणून आपल्या मराठी मंडळाच्या शाळेतल्या शिक्षकांना आणि घरातल्या मोठ्यांना विनंती आहे. मूल 'आय हेट हिम' म्हणालं की त्याला गप्प करू नका. "तुला त्याचा राग आलाय, की तू त्याचा द्वेष करतोस?" एवढं मराठीत विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.