आकडा रक्ताचा, निवाडा पिशवीचा

‘महिला आरोग्य पॅकेज’ म्हणून लॅबवाले आता बायकांना सीए-१२५ ही रक्ततपासणीही विकतात. तिला ‘कॅन्सरची तपासणी’ म्हणतात. माझं भांडण या नावाशी आहे. तपासणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही; ती भलत्या जागी वापरून बाईची फसवणूक होते, असं म्हणते.

सीए-१२५ हे रक्तात सापडणारं एक प्रथिन. बीजकोशाच्या कॅन्सरवरच्या संशोधनातून १९८१ साली ते पुढे आलं. मिलिलिटरमागे ३५ युनिटपर्यंत ‘नॉर्मल’ धरतात. पण पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात हा आकडा वाढतो. फायब्रॉइडच्या गाठी, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा टीबी, यांतही वाढतो. उलट गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सुरुवातीला असतो, तेव्हा पुष्कळ जणींचा आकडा नॉर्मल येतो. एचई-४ हे नंतरचं प्रथिन या कॅन्सरात त्याहून बरं काम देतं. पण निदान त्याच्यानेही होत नाही.

म्हणजे घात दोन्हीकडून. आकडा चढला की, ‘पिशवी काढून टाका!’ ही भीती काय करते ते बीडमध्ये दिसलं. २०१९ साली सरकारी समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कित्येकींना ‘नाहीतर कॅन्सर होईल’ एवढंच सांगितलं होतं. आता या धाकाला छापील आकड्याचीही जोड मिळेल.

आणि आकडा नॉर्मल आला तर? पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बाईच्या अंगावर लाल गेलं, तरी ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून तिला घरी पाठवायचं! पाळी गेल्यावर हा कॅन्सर झालेल्या दहांतल्या सुमारे नऊ जणींना रक्तस्राव हेच लक्षण असतं. रक्तस्राव होणाऱ्या बहुतेक जणींना कॅन्सर नसतो, हेही खरं. पण हा निवाडा रक्तातून होत नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघायची, आणि बारीक नळीने किंवा क्युरेटिंग करून अस्तराचा तुकडा तपासायचा. वेळेत सापडला तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

मार्करची जागा त्यानंतरची. निदान पक्कं झाल्यावर आकडा फार चढलेला असेल, तर रोग पिशवीबाहेर पसरल्याची शंका घ्यायची आणि ऑपरेशन त्या तयारीने करायचं. पुढे रोग उलटतोय का यावर लक्ष ठेवायलाही काही जणींमध्ये त्याचा उपयोग होतो. तेही एकट्या आकड्यावर नाही, बाकीच्या तपासण्यांच्या जोडीने.

मग तुकडा तपासायचा सोडून रक्तच का? कारण रक्त दोन मिनिटांत निघतं, बिल लगेच फाडता येतं. तुकडा घ्यायचा तर बाईला समजावून सांगावं लागतं, आडोसा द्यावा लागतो, तिच्या अंगावर जाण्याची गोष्ट नीट ऐकून घ्यावी लागते. बाईसाठी एवढा वेळ काढायची या व्यवस्थेला सवय नाही.

बायांनो, पाळी गेल्यावर लालसा एक डाग दिसला तरी लपवू नका. आणि कुणी रक्ताचा कागद पुढे करून पिशवी काढायला निघालं, किंवा घरी जा म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा : अस्तराचा तुकडा तपासलात का? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी मिळाली पाहिजे, ही मागणी आपण एकत्र येऊन करायची आहे. पिशवी आपली आहे. तिचा निकाल लॅबच्या जाहिरातीवर लागू द्यायचा नाही.