क्षमावाणीचं कार्ड हातानेच करावं



क्षमावाणीला ‘उत्तम क्षमा’चा एकच तयार मेसेज सगळ्यांना पाठवून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. जिच्याशी बोलणंच तुटलंय, तिचं नाव त्या यादीत नेमकं नसतं. तिच्यासाठी तरी हाताने कार्ड करावं.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. २५० ते ३०० जीएसएमचा ए४ कार्डपेपर आडवा मधोमध कापला की दोन कार्डं निघतात. मात्र जाड कागद एकदम दुमडू नये, घडीवर तडकतो. तुकड्याची लांब बाजू २१० मिलिमीटर. १०५ वर पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबावी. मागे उठलेला उंचवटा आतल्या बाजूला येईल अशी घडी घालावी आणि चमच्याच्या पाठीने दाबावी. कागद आधी हलकेच वाकवून पाहावा. सहज वाकतो त्याच बाजूने घडी सुबक बसते.

आत छापील ओळ नको. जाऊबाई असोत की शेजारीण, क्षमा नेमकी कशाबद्दल मागतो, ते एका वाक्यात लिहावं. आणि कार्ड स्वतः नेऊन द्यावं.